तुम्ही ठेवून गेलेली खोट

प्रज्ञाताई,

तुमचा फोटो उलटा छापलाय.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या घरासमोरच्या मांडवात तो ठेवला होता. पांढऱ्या फुलांचा हार, पुढं मेणबत्त्या. लोक येत होते, वंदन करून बाजूला होत होते, आणि मी मागच्या खुर्चीत बसून त्या फोटोकडं नुसता बघत होतो. काहीतरी चुकत होतं. भंतेजींचं बोलणं अर्ध्यावर आलं तेव्हा उमगलं. तुमच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर गेला होता. भांगही भलत्याच बाजूनं निघत होता. स्टुडिओवाल्यानं फोटो मोठा करताना कॉम्प्युटरवर तो फिरवला असणार. कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून अर्धा उठलो. सापडली, असं तुम्हाला सांगायला. मग सांगायचं कुणाला ते आठवलं आणि खाली बसलो.

नंतर सगळ्यांनी आग्रह केला की मारोतीनं दोन शब्द बोलावेत, इतकी वर्षं सोबत काम केलं. मी उठलो नाही. लोकांना वाटलं, दुःखानं पोराला बोलवत नाही. दुःख होतंच, ताई, ते काही खोटं नाही. पण त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. तुम्ही टाकीच्या मॉडेलमध्ये खोट घालून गेलात आणि ती कुठं आहे ते सांगायला राहिला नाहीत. असं कुणी जातं का?

तुमच्या भावानं मला बाजूला घेऊन विचारलं, खोट म्हणजे काय हो, तुम्ही मघापासून तेच पुटपुटताय. मी त्यांना समजावून सांगितलं. तुम्हालाही ऐकवतो, कारण तुम्ही तिथं असता तर मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नसतं.

गावाला पाण्याची उंच टाकी बांधायची, तर आधी ती कॉम्प्युटरमध्ये उभी करायची. किती खांब, त्यांना बांधणारे बीम कुठं, टाकीची भिंत किती जाड, पाण्याचं वजन किती, वारा कुठून. त्याला आपण मॉडेल म्हणतो. सगळं सांगून झालं की एक बटण दाबायचं. मग कुठल्या खांबावर किती भार येतो ते यंत्र काढून देतं. यंत्र हुशार आहे पण फार आज्ञाधारक आहे. त्याला चुकीचं सांगितलं तर ते चुकीचंच गणित बिनचूक करतं आणि वर रंगीत चित्र काढून दाखवतं. म्हणून बटण दाबायच्या आधी मॉडेल तपासायचं. हे सगळीकडंच करतात, निदान करतो असं म्हणतात. आपल्या ऑफिसात त्याहून एक जास्तीचं होतं. ज्यानं मॉडेल केलं त्यानं ते दुसऱ्याच्या हाती देताना मुद्दाम एक चूक घालायची. दुसऱ्यानं ती शोधायची. सापडली की काढायची आणि मगच बटण दाबायचं. सापडेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही.

भाऊ म्हणाले, हे तर भलतंच धोक्याचं झालं. मी म्हटलं, न्हाई हो. चूक असेल का, असं म्हणत बघणारा माणूस झोपेत बघतो. चूक आहेच, कुठंय ते सांग, असं म्हटलं की डोळे उघडतात. हे वाक्य तुमचं होतं. मी तुमचं नाव न सांगता वापरलं. तुम्हाला राग आला असता.

पण ताई, ती पद्धत माझ्या बापाची. हे तुम्ही येईल त्याला सांगायचात आणि मी लाजायचो.

जिल्हा वेगळा झाला, हिंगोलीत कचेऱ्या, शाळा, टाक्या, सगळ्याचीच कामं निघाली, तेव्हा तुम्ही पुण्यातली नोकरी सोडून आलात आणि लोखंडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी साखरा गावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, डिप्लोमा करून नुकताच आलेला. पहिल्याच महिन्यात तुम्ही मला एका शाळेच्या इमारतीचं मॉडेल तपासायला दिलं. मी संध्याकाळी सांगितलं, सगळं बराबर हाय. तुम्ही विचारलं, बराबर म्हणजे काय बघितलंस? मी म्हणालो, वजन जुळलं, म्हणजे कागदावर काढलेलं एकूण वजन आणि मॉडेलमधलं एकच. तुम्ही खुर्ची फिरवून माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला सोसेना, म्हणून मी काहीतरी बोलायचं म्हणून बापाची गोष्ट सांगितली.

दिवस मावळताना मेंढरं जाळीत कोंडायच्या वेळी बाप आम्हा भावांना मोजायला लावायचा. आम्ही कंटाळलेलो, भुकेजलेलो, मोजल्यासारखं करायचो. म्हणून बाप कधी एखादं कोकरू घोंगडीखाली घेऊन बसायचा. पण आम्हीही काही कमी नव्हतो, आकडा कमी आला की आधी घोंगडी उचलायचो. मग त्यानं नवीन काढलं. एक कोकरू घोंगडीखाली आणि चुलत्याच्या कळपातलं एक आमच्या कळपात. आम्ही मोजलं, आकडा जुळला, आम्ही भाकरीकडं पळालो. बापानं कानाला धरून परत आणलं. म्हणाला, "आकडा जुळला म्हंजी कळप आपला झाला व्हय रे? तोंडं बगितली का मेंढरांची?"

तुम्ही हसला नाहीत. उठून खिडकीशी गेलात, खाली दुकानात सळया उतरवून घेत होते तिकडं बघत राहिलात. मग म्हणालात, उद्यापासून आपण हेच करायचं.

आणि केलं. माझी पहिली खोट तुम्ही चहा निवायच्या आत शोधलीत. तुमची पहिली शोधायला मला दोन दिवस लागले आणि तेवढ्यात भारनियमनात वीज गेली ती गेलीच. आपल्याकडं वीज असायची थोडे तास, मशीन जुनं, एकदा बटण दाबलं की दुपार त्यातच जायची. चुकीचं मॉडेल चालवलं तर दिवस वाया. पण तुमचं कारण विजेचं नव्हतं. तुमचे वडील बांधकामावर बिगारी होते. स्लॅब टाकल्यावर खालचे टेकू बघायला आत जायचं काम त्यांचं. तुम्ही एकदाच बोललात त्यावर, तेही माझ्याकडं न बघता. म्हणालात, "कागदावर कुनी बी उभं न्हाई राहत मारोती. खाली मानूस उभं राहतं." त्यानंतर मी वजन जुळलं हे दोन शब्द तुमच्यासमोर कधी उच्चारले नाहीत.

काय काय खोटी घातल्या आपण. एकदा तुम्ही एक बीम खांबाजवळ नेऊन ठेवला पण जोडला नाही. पडद्यावर चिकटलेला दिसायचा, पण दोघांची एकमेकांशी बोलचाल नव्हती. भांडलेल्या जावांसारखे शेजारी उभे. एकदा मी पाण्याऐवजी टाकीत काँक्रीटचं वजन भरलं. एकदा तुम्ही वजनाची दिशाच उलटी केली आणि बाजार समितीची आख्खी शेड आभाळात पडायला निघाली. मी ती शोधली तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की खालचा दुकानदार जिन्यात येऊन उभा राहिला. बाई, काही झालं का? काय सांगणार त्याला?

तुम्हाला सवय होती पेनाच्या मागच्या टोकानं पडद्यावर टकटक करायची. कधी पेन उलटं धरायला विसरायचात. तुमच्या मॉनिटरच्या काचेवर शाईचे बारीक ठिपके आहेत, सगळे खालच्या बाजूला, जिथं खांबांचे पाय येतात तिथं. परवा मी फडकं घेतलं होतं. पुसले नाहीत.

त्या पायांवरूनच तर आपलं भांडण होतं. इतकं जुनं की कधी सुरू झालं तेही आठवत नाही. यंत्राला प्रत्येक खांबाचा पाय कसा आहे ते सांगावं लागतं. जमिनीत घट्ट जखडलेला, की थोडा वळू शकणारा. तुमचं म्हणणं, आपल्या भागात पाय कधीच जखडलेला धरायचा नाही. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, ती कशाला धरून ठेवणार? माझं म्हणणं, पाया काळ्या मातीत नसतोच, तो खालच्या मुरुमात जातो आणि मुरूम दगडासारखा असतो. पाय सैल धरले की खालचे खांब जाड होतात, सळई वाढते, काम मंजुरीला परत वर जातं, आणि गावातल्या बाया आणखी एक उन्हाळा डोक्यावरून पाणी वाहतात. मी एकदा म्हटलं, दोन्ही तऱ्हेनं चालवून बघू आणि जास्त येईल ते धरू, पुस्तकातही तसंच सांगतात. तुम्ही म्हणालात, जरूर चालव, पण दोन्ही करतो म्हणून ठरवायचं टाळू नको. जमीन एकच हाय. ती कशी हाय ते सांग.

हे शेवटचं भांडण बाळापूरला झालं. जवळच्या गावच्या टाकीचा खड्डा बघून आपण परतत होतो. निम्माच खणला होता, दिसत होता तेवढा मुरूम चांगला लागला होता, आणि मी खुशीत होतो. बाजाराच्या रस्त्यावर हॉटेलात बसलो. ट्रकचा धुरळा, समोर भजी. तुम्ही एकही भजं उचललं नाहीत. दोनदा कपाळ दाबलंत. तेव्हा तुमचं डोकं दुखत होतं का, ताई? कधीपासून दुखत होतं? हे मी त्या हॉटेलावरून जाताना दर वेळी विचारतो आणि बस पुढं निघून जाते.

तुम्ही म्हणालात, "मारोती, तू जमिनीवर लई भरवसा ठेवून राहिला."

मी म्हणालो, "आमी मेंढरावाले, ताई. जमिनीवर न्हाई ठेवायचा तर कशावर?"

तुम्ही हसलात आणि म्हणालात, बोलू. उरलेला खड्डा खणू दे, मग बोलू.

त्यानंतर दोन-तीन दिवस तुम्ही टाकीचं मॉडेल करत बसला होतात. एका संध्याकाळी पर्स खांद्याला लावून दारात उभ्या राहिलात आणि म्हणालात, "टाकी तुझ्या मशीनवर टाकली. खोट शोध. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला नांदेडला दवाखान्यात नेलं. पुढचं मी इथं लिहीत नाही.

सरपंचांचे फोन येत होते. आधी दुखवट्याचे, मग टाकीचे. त्यांचंही चूक नाही, उन्हाळा तोंडावर आलेला. मी मशीन लावलं आणि बसलो. सगळं ओळीनं केलं, तुम्ही शिकवलं तसं. सुटा पडलेला सांधा कुठं आहे का, एकावर एक दोनदा काढलेला बीम आहे का, वारा बरोबर बाजूनं येतो का, पाणी पाण्याइतकंच जड आहे का. वजन जुळलं. काही सापडलं नाही. परत केलं. परत काही नाही. एरवी दुसऱ्या दिवशी मी हरलो म्हणायचो आणि तुम्ही टकटक करत सांगायचात. आता हरलो म्हणायलाही कुणी नव्हतं.

तेव्हापासून तुम्ही मला सोडलं नाही. बसमध्ये, आंघोळीला, भाजी घेताना मागून आवाज यायचा: बघितलंस का? मी नरसीच्या रस्त्यावर चहा घेताना टपरीच्या पत्र्याचे टेकू मोजत बसायचो. लेकीच्या शाळेतल्या झोक्याचा एक पाय उचललेला दिसला, तर रात्रभर तोच. फोटोतला तीळ तर तुम्हाला सांगितलाच. बायको म्हणाली, ताई तुमच्या मानेवर बसल्यात. मी म्हटलं, बसू दे. पण खरं तर भीती वाटत होती. खोट न शोधता मी सही केली तर टाकी तुमच्या चुकीवर उभी राहणार होती आणि तिच्या खाली घागरी घेऊन माणसं. आणि नाही केली तर गाव तसंच पाणी वाहणार.

शेवटी मी तुमचं मॉडेल बाजूला ठेवलं. कोरं पान घेतलं आणि नकाशावरून आख्खी टाकी मी नव्यानं उभी केली, तुमच्याकडं एकदाही न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघितली.

दोन ठिकाणी फरक निघाला.

पहिला, खांबांना अर्ध्या उंचीवर बांधणाऱ्या बीमच्या कडीतल्या एकाच बीममध्ये. तुमच्या मॉडेलमध्ये त्याची रुंदी आणि उंची अदलाबदल झाली होती. उभा असायला हवा तो बीम आडवा पडलेला. वजन तेवढंच, म्हणून वजन जुळत होतं. पडद्यावर नुसती रेघ दिसते, ती रेघही तशीच. मी कपाळाला हात लावला. आकडा जुळला आणि मेंढरू दुसऱ्याचं. बाप असता तर कान धरला असता.

दुसरा फरक बघायच्या आधी मला पाणी प्यावं लागलं. खांबांचे पाय. तुम्ही सगळे पाय घट्ट जखडलेले धरले होते. तुम्ही, ताई. माझ्या मतानं.

माझ्या नजरेतून ते कसं सुटलं हे विचारू नका. सुटलंच नव्हतं, दर वेळी बघितलं होतं. पण समोर आपलंच मत असलं की डोळा तिथं थांबत नाही, पुढं जातो. नव्यानं मॉडेल करताना मात्र माझ्या हातानं पाय सैल धरले, तुमच्या मतानं. मुद्दाम ठरवून नाही. तुम्ही गेल्यावर तुमच्याशी भांडायचा जीव झाला नसावा.

आता सांगा, यातली खोट कोणती? तुम्ही एकच घालत होतात, कधी दोन नाही. खोट आडव्या बीमची असेल, तर पाय तुम्ही मनापासून जखडलेत. म्हणजे इतक्या वर्षांनी माझं म्हणणं मान्य केलंत आणि "उद्या बोलू" ते हेच बोलणार होतात. आणि खोट पायांची असेल, तर तुम्ही माझंच मत चूक म्हणून माझ्यासमोर ठेवलंत, मला ते दिसणार नाही याची खात्री धरून. हे तुमच्याच डोक्यात यावं असं आहे. पण मग आडवा बीम ही तुमची खरी चूक. मला माहीत असलेली पहिली. कपाळ दाबत, डोळ्यांपुढं अंधारी येत असताना तुम्ही त्या मशीनसमोर बसला होतात, आणि हात चुकला.

दोन दिवस मी यातच होतो. मग आधी टाकीचं बघावं म्हणून बस धरून त्या गावाला गेलो. खड्डा आता पुरा खणला होता. आपण दोघांनी बघितली ती बाजू तशीच, मुरूम पक्का. दुसऱ्या बाजूला उतरलो आणि पहार मारली. ती खणकन वाजली नाही. गपकन आत गेली. तिकडं काळी माती खालपर्यंत उतरलेली होती, आणि कडेला उन्हानं पडलेल्या भेगेत माझी बोटं मावत होती. मी त्या भेगेत हात घालून बराच वेळ बसून राहिलो.

वर एक म्हातारी घागर टेकवून उभी होती. तिनं विचारलं, "बाई न्हाई आल्या व्हय?"

मी म्हणालो, न्हाई.

"मागं आल्या तवा मह्याजवळ बसल्या व्हत्या. पानी किती लांबून आनता म्हने." तिनं खड्ड्यात वाकून बघितलं. "मंग टाकी व्हईल ना रे लेकरा?"

व्हईल, म्हणालो. पण पाया अजून खाली न्यावा लागेल आणि थोडा उशीर होईल, हेही सांगितलं. तिनं मान हलवली आणि घागर उचलली.

तर भांडण संपलं. या जमिनीपुरतं तुमचं बरोबर. दुसऱ्या कुठल्या जमिनीवर माझं बरोबर असेल, तेव्हा परत बघू. आणि खोट कोणती याचंही मी ठरवलंय. विचार करकरून नाही, जे सोसवेल ते घेतलंय. तुमचा हात चुकला असेल, हे मला सोसवतं. डोकं दुखणाऱ्या माणसाचा हात चुकतो. पण थकून, वाद नको म्हणून, किंवा मारोतीला बरं वाटावं म्हणून तुम्ही जमिनीबद्दलचं मत सोडलं असेल, हे मला सोसवत नाही. म्हणून खोट पायांची. तुम्ही भांडत होतात. शेवटच्या संध्याकाळपर्यंत माझ्याशी भांडत होतात. असं धरून मी चालतोय. चूक असेल तर चूक.

येताना तुमच्या आईकडं गेलो. म्हटलं, आई, फोटो उलटा हाय, मी हिंगोलीतून नीट करून आणतो. आई गहू निवडत होत्या. म्हणाल्या, मला पयल्या दिशीच कळलं व्हतं. मग म्हणाल्या, "राहू दे बाबा. आरशात ती सोताला अशीच दिसत आसन." मी फोटोकडं बघितलं. उजव्या गालावर तीळ असलेल्या तुम्ही. तुम्हाला रोज सकाळी दिसणाऱ्या. चहा पिऊन उठलो.

आज दुपारी वीज होती. मी मॉडेल नीट केलं. बीम उभा केला, पाया खाली नेला, पाय सैल केले. खांब थोडे जाड होतील, काम परत वर जाईल, मी स्वतः कागद घेऊन मागे लागेन. सांधे बघितले, वारा बघितला, पाणी बघितलं. एकेका बीमचं तोंड बघितलं. सही करायच्या आधी नांदेडच्या एका इंजिनिअरलाही दाखवणार आहे. माणूस चांगला आहे. खोट घालून देऊ का विचारलं, तर म्हणाला, एवढा वेळ कुणाला आहे?

सगळं झाल्यावर सवयीनं माझा हात गेला आणि मी एका बाजूच्या वाऱ्याची दिशा फिरवली. छान जमली होती. तुम्हाला निदान दुपारभर पुरली असती. मी खुर्ची मागं सरकवून म्हटलं, ताई, झालं, बघा.

समोर तुमच्या मशीनवर फडकं घातलेलं होतं. खाली दुकानात कुणीतरी सळया मोजत होतं.

मग मी खुर्ची परत पुढं ओढली. ती खोट कुठं आहे ते शोधावं लागलं नाही. वारा होता तसा केला, आणि वीज जायच्या आत बटण दाबलं.